बापाचं हसू

“मॅडम, पोरगा नाच शिकतोय. बायल्या तर होणार नाही ना?” महिन्याकाठी एखादे तरी पालक हे विचारतातच. बहुतेक जण दाराशी, निघता निघता. ओंकारच्या वडिलांनी मात्र खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं.

ओंकार हे बदललेलं नाव. घर पुण्यात अप्पर इंदिरानगरला, वडील मार्केट यार्डात हमाल, आई बिबवेवाडीत चार घरची धुणीभांडी करते. त्यातल्या एका घरी कथकचा क्लास चालतो. आईबरोबर जाऊन जाऊन पाचवीतला ओंकार दारातच ‘ता थै थै तत्’ करायला लागला. तिथल्या ताईंनी फी न घेता त्याला आत घेतलं. वडिलांना वाटायचं, पोरगा ट्यूशनला जातो. दहावीत गांधर्व महाविद्यालयाच्या कथक परीक्षेचा फॉर्म घरात सापडला आणि फुटलं सगळं. मार बसला, घुंगरं माळ्यावर गेली. ओंकारनं आधी बोलणं टाकलं, मग जेवण. तेव्हा शाळेनं समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं.

प्रश्नाचं उत्तर मी सरळच दिलं. नाचानं कुणी बायल्या होत नाही. कुणाचा कल वेगळा असलाच तर तो नाचामुळे नसतो, आणि तो आजारही नसतो. बिरजू महाराजांना कथक मिळालं ते वडिलांकडून आणि काकांकडून, हेही सांगितलं. मग माझा हुकमी पत्ता टाकला. “तुम्ही गणपतीत लेझीम खेळता की!”

“लेझीमची गोष्ट वेगळी. ती तालमीतली. याला लोक बोलतात.”

हा पत्ता दर वेळी फुकट जातो, तरी मी टाकते.

“बरं, बोललं कोण? ‘लोक’ नको, माणूस सांगा.”

बऱ्याच वेळानं म्हणाले, “मुकादम. चहाला सगळे थांबलो होतो. म्हणाला, कुठल्या फडात नाचतोय तुझा नाच्या?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? हसलो.”

हे मला आधीच ठाऊक होतं. वडिलांना सांगू का, हे ओंकारला विचारून ठेवलं होतं, म्हणून सांगितलं: तो त्या दिवशी डबा घेऊन आला होता. कांद्याच्या थप्पीमागे उभा होता. मला म्हणाला होता, “मारलं त्याचं काही नाही. पप्पा हसले.”

मानेवरचा घट्टा ते अंगठ्यानं चोळत राहिले.

नाचाला परवानगी द्या, असं मी म्हटलं नाही. पहिल्याच भेटीत बापाकडून होकार काढायची घाई आमच्याकडचे बरेच जण करतात. तो होकार घरी पोचेपर्यंत विरतो. मी एवढंच मागितलं, पुढच्या वेळी हसू नका. जाता जाता पोटापाण्याचं निघालं. नाचून सगळ्यांचं भागत नाही, हे लपवलं नाही. पण शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा झाल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात आणि पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याची पदवी घेता येते, हे सांगितलं. गुणांचं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

तीन आठवड्यांनी एकटेच आले.

“मुकादम परत बोलला.”

“मग?”

“म्हटलं, पोती किती उतरायचीत ते सांग.”

घुंगरं अजून माळ्यावरच आहेत म्हणाले. पण डब्यात घालून ठेवलीत, उंदीर फार झालेत.