तुझ्या मॅडमच्या दाराबाहेरची रांग

प्रिय,

तुझी मेल दोनदा वाचली. अमेरिकेतल्या तुझ्या कृष्णवर्णीय गाईड मॅडम तुझ्या प्रबंधाचं प्रकरण वाचत नाहीत, तीन आठवडे झाले, गाईड बदलू का, असं विचारतेस. बदलायचाच असेल तर कोणी अडवणार नाही. पण आधी एक कर. एका दुपारी त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तासभर बस आणि आत कोण कोण जातं ते बघ.

अमेरिकेत मी तीस वर्षं शिकवलं. माझ्या शेजारच्या खोलीत एक कृष्णवर्णीय प्राध्यापिका बसत. भेटीची वेळ दोन ते चार, पण साडेपाचलाही बाहेर मुलं थांबलेली. निम्मी त्यांच्या वर्गातली नसायचीच. नर्सिंगची एखादी मुलगी, अख्ख्या वर्गात एकटीच काळी, कुणाचं तरी बोलणं जिव्हारी लागलेलं, आणि रडायला हीच एक खोली. टेबलावरचा टिश्यूचा डबा बाई स्वतःच्या पैशाने आणत. मधेच डीनचा फोन, अजून एका कमिटीवर 'तुमच्यापैकी कुणीतरी' हवं. आमच्याकडे 'तुमच्यापैकी' त्या एकट्याच होत्या. पुस्तक गाजलं तेव्हा वाटलं, आता सुटतील. उलट बोलावणी दुप्पट झाली. मानसशास्त्रज्ञ अमादो पादिया यांनी १९९४ साली अशा जादा कामाच्या ओझ्याला 'सांस्कृतिक कर' म्हटलं. हा कर पगाराच्या स्लिपवर दिसत नाही आणि बढतीच्या फाइलमध्येही धरत नाहीत.

शेजारच्या त्या बाईंच्या बढतीच्या बैठकीत मी होते. एक जण म्हणाला, "काम उत्तम आहे, पण विषय जरा मर्यादित नाही का?" विषय होता काळ्या वस्त्यांमधली बाळंतपणं. मी गप्प बसले. ते गप्प बसणं आजही मला सलतं. पुढे २०११ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत एक अभ्यास आला. शिक्षण, प्रशिक्षण, आधीचे शोधनिबंध सगळं हिशेबात धरूनही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं संशोधन अनुदान मिळण्याची कृष्णवर्णीय अर्जदारांची शक्यता गोऱ्यांपेक्षा सुमारे १० टक्के अंकांनी कमी निघाली. २०१९च्या अभ्यासात दिसलं, की या तफावतीत विषयाच्या निवडीचाही वाटा आहे. लोकांच्या, वस्त्यांच्या आरोग्यावरचे प्रस्ताव कमी मंजूर होतात, आणि कृष्णवर्णीय संशोधक तेच जास्त मांडतात. 'मर्यादित' या एका शब्दाची किंमत तेव्हा मला कळली.

तुझ्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आहे. १९४६ मध्ये त्यांनी ज्यांना पत्र लिहिलं, ते समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय पीएच.डी. (१८९५). पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियातल्या काळ्या वस्तीचा अभ्यास करायला बोलावलं, पण वर्गात शिकवू दिलं नाही. जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नकोस. कृष्णवर्णीय पत्रकार निकोल हॅना-जोन्स यांना २०२० मध्ये पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने त्यांना जे अध्यासन देऊ केलं, त्यावर आधी आलेल्यांना टेन्युअर, म्हणजे कायमची नोकरी, होतं. त्यांना मात्र पाच वर्षांचा करार. आरडाओरडा झाल्यावर विश्वस्तांनी टेन्युअर मंजूर केलं, तेव्हा त्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठात निघून गेल्या. मला ते फार योग्य वाटलं.

'कोट्यातून आलीस' हे तू पुण्यात ऐकलं आहेस. पहिला नंबर आल्यावरही ऐकलंस. मॅडम ते पूर्ण प्रोफेसर झाल्यावर, बक्षिसं घेतल्यावर ऐकतात, फक्त शब्द जरा सभ्य असतात. हे तुला समजावून सांगायची गरज पडू नये.

आता कामाचं. पन्नास पानं एकदम पाठवू नकोस, सोबत दोन नेमके प्रश्न लिही. फॉर्म, फी, व्हिसा यांसाठी त्यांच्याकडे जाऊ नकोस, त्याला ऑफिस आहे. विभागाने त्यांच्याबद्दल मत मागितलं, तर 'खूप प्रेमळ' एवढ्यावर थांबू नकोस. किती मुलांना त्यांनी सावरलं, किती तास दिले, आकड्यांसकट लिही. आणि बैठकीत कुणी 'मर्यादित' म्हणालं तर तिथल्या तिथे विचार, कशावरून?

ते प्रकरण मलाही पाठव. रविवारपर्यंत वाचते.

तुझी,
काकू