खुडूक कोंबडी आजारी नसते

प्रश्न असा आहे: घरच्या कोंबड्यांवरचा एक लेख मराठीत आणताना 'ब्रूडी हेन'ला काय म्हणावं? 'अंडी उबवणारी कोंबडी' असं लिहिलं होतं. त्यावर कुणीतरी 'खुडूक कोंबडी' सुचवलं. पण 'काय खुडूक होऊन बसलायस!' हे मरगळून कोपऱ्यात बसलेल्या माणसाला म्हणताना ऐकलेलं, त्यामुळे खुडूक म्हणजे आजारी असा अर्थ होईल का, अशी शंका विचारणाऱ्याच्या मनात आहे.

खुडूकच लिहा. तुमचं 'अंडी उबवणारी' चुकीचं नाही, पण ते कामाचं नाव आहे. खुडूक हे अवस्थेचं नाव आहे, आणि अवस्था कामाच्या आधी येते. कोंबडी खुडूक होते तेव्हा तिच्याखाली अंडं असेलच असं नाही. अंडी रोज उचलून नेली तरी ती रिकाम्या खुराड्यात बसून राहते, गोल दगड ठेवला तर त्याच्यावरही बसते. त्या कोंबडीला 'उबवणारी' कसं म्हणणार? ती उबवत काहीच नाही, पण खुडूक मात्र पुरती आहे. शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी घालणं थांबतं, पोटाखालची पिसं गळून उघडी, गरम कातडी थेट अंड्याला लागेल अशी तयारी होते. हे सगळं मराठीने तीन अक्षरांत बसवलं आहे.

आता आजाराचं. माणसाला खुडूक म्हणणं ही उपमा आहे आणि ती फक्त बसण्यावरून आली: अंग आखडलेलं, जागचं हलायचं नाही, खाण्यापिण्यात लक्ष नाही. कोंबडीच्या बाबतीत मात्र हा फरक ओळखता आलाच पाहिजे, कारण त्यावर तिचा जीव अवलंबून असतो. आजारी कोंबडी मान आत ओढून, डोळे मिटून उभी किंवा बसलेली असते आणि हात लावला तरी फारसं काही करत नाही. खुडूक कोंबडी पसरट होऊन बसते. जवळ गेलात की पिसं फुलवते, घशातून गुरगुरते, हाताला टोचते. दिवसातून एखाद्या वेळी उठते, घाईघाईने दाणापाणी उरकते, एकदाच मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते आणि पुन्हा जागेवर. उपमेतला खुडूक माणूस मरगळलेला असतो, मूळची खुडूक कोंबडी अतिशय जागी असते. लेखात 'खुडूक'च्या पहिल्या उल्लेखाला हे एक वाक्य जोडा, वाचकाची शंका तिथेच फिटेल.

या शब्दाची क्रियापदंही पाहण्यासारखी आहेत. कोंबडी खुडूक 'होते' किंवा 'बसते'. तिला खुडूक कुणी करत नाही. पण अंड्यांवर तिला 'बसवतात'. इथे कोकणातला 'रवण' (कोंबडीचं अंड्यांवर उबवायला बसणं) हा शब्द मला फार आवडतो: कोंबडी रवणात बसली, रवणात बसवली. आपलं आपण होणारं आणि माणसाने करायचं, हा भेद 'बसणे-बसवणे' या जोडीत नेमका सापडतो. आणि व्यवहारही तसाच आहे. आधी ती खुडूक झालेली हवी, मगच रवण. तिची चिकाटी पाहायला दोन-तीन दिवस खोटी अंडी ठेवावीत, मग रात्री अंधारात खरी अंडी तिच्याखाली सरकवावीत. बेताच्या अंगाच्या कोंबडीला दहा-बारा पुरतात. सगळी एकाच वेळी ठेवायची, पेन्सिलीने खूण करून, म्हणजे नंतर दुसऱ्या कोंबडीने येऊन घातलेलं अंडं ओळखून काढता येतं. आज दोन, परवा तीन असं केलं तर पहिली पिल्लं निघाल्यावर ती त्यांच्यामागे उठून जाईल आणि मागची अंडी गार पडतील.

तुमच्या मसुद्यातलं एक वाक्य मात्र मला खटकलं: 'कोंबडी २१ दिवसांत पिल्ले उबवते.' मराठीत उबवतात ती अंडी. पिल्लं 'निघतात', किंवा कोंबडी पिल्लं 'काढते'. 'उबवणे' हे 'ऊब'पासून आलेलं, त्यात फक्त ऊब देणं आहे, फळ नाही. म्हणून 'महिनाभर उबवली, पण एकही पिल्लू निघालं नाही' हे वाक्य मराठीत सरळ उभं राहतं. (बंद, दमट जागेत धान्य उबतं आणि त्याला उबट वास येतो, ते याच घरातलं.) पिल्लं बाहेर आल्यावरही ती त्यांना ऊब देतेच, पण तेव्हा आपण म्हणतो ती पिल्लांना 'पंखाखाली घेते'. तेव्हा असं लिहा: 'कोंबडी अंडी उबवते आणि २१व्या दिवसाच्या सुमारास पिल्लं निघतात.' बदकाची अंडी ठेवली असतील तर साधारण २८ दिवस धरा.

'निघणे' इथे किती चपखल आहे पाहा. पिल्लू आतून चोचीवरच्या एका टणक टोकाने कवचाला भोक पाडतं आणि स्वतःच बाहेर येतं. त्याआधीच ते आतून चिवचिवत असतं आणि वरून आई हलक्या आवाजात उत्तर देत असते. कवच सोलून मदत करण्याचा मोह होतो, करू नये. निघण्याआधी बलक पोटात ओढून घेतलेला असतो, त्यावर पिल्लू दोन दिवस दाण्याशिवाय राहू शकतं. म्हणून तर आई उशिरा निघणाऱ्यांसाठी बसून राहू शकते.

लेखाच्या शेवटी पिल्लं नको असतील तेव्हाचा भाग आहे, तिथे तुम्ही 'ब्रूडीनेस तोडणे' लिहिलंय. 'खुडूकपणा घालवणे' म्हणा. त्यासाठी तिला खालून वारा लागेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, गवत-भुसा न घालता, तीन-चार दिवस ठेवतात. दाणापाणी पुढ्यात असतंच. पोटाखालची ऊब गेली की खुडूकपणा जातो. काही जण तिला पाण्यात बुडवतात. तो उपाय लेखात असेल तर गाळा, तिचे हाल होतात.