आधी धार, मग हत्यारांची खरेदी

सुतारकाम शिकायला सुरुवात करताना आपण एकदम मोठा हत्यारसंच घेऊ पाहत आहात. सध्या एक करवत, लाकूड तासून गुळगुळीत करणारा एक रंधा, लाकूड कोरण्याच्या दोन पटाश्या, काटकोन तपासण्याचा गुण्या, लाकूड आवळून धरणारा क्लॅम्प आणि धार लावण्याचा दगड एवढ्यावरच थांबावे, असे मी सुचवेन. नवशिक्याची बरीचशी निराशा बोथट पात्यामुळे येते, कारण कोरी पटाशीही सहसा कामाला तयार नसते. तिची पाठ, म्हणजे उतार नसलेली बाजू, टोकाजवळ दगडावर घासून सपाट करावी, मग उताराची बाजू 25 ते 30 अंशांत धरून पाठीकडे बोटाला बारीक खरखरीत कड जाणवेपर्यंत घासावी आणि ती कड, पाठ दगडावर सपाट टेकवून, काढून टाकावी. कड तपासताना बोट धारेवरून लांबीच्या दिशेने मात्र फिरवू नये.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका अशा:

- करवत थेट रेघेवर चालवणे. ती टाकाऊ बाजूने, रेघेला लागून चालवावी.
- रंधा लाकूड उचकटू लागला की जोर वाढवणे. रेशे उलटे आहेत, फळी फिरवून घ्यावी.
- एका हाताने लाकूड धरून दुसऱ्या हाताने पटाशी चालवणे. माझ्या डाव्या तळव्यावर या हौसेची खूण आजही आहे. लाकूड क्लॅम्पमध्ये आवळावे आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत.

सांध्यांचे प्रकार तूर्त बाजूला ठेवून, टाकाऊ तुकड्यांवर सरळ काप घेण्याचाच सराव करावा.