क्लबच्या बोर्डाला काचेचा निऑन लावावा की एलईडी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाशीत तीन मित्र मिळून छोटा नाइटक्लब काढताहेत. दर्शनी भाग रात्री उठून दिसायला हवा. काचेचा खरा निऑन घ्यावा की एलईडी, खर्च किती, आणि 'मराठी नाव कोपऱ्यात लहान लावलं तर चालेल का, कारण आमचा डिझायनर म्हणतो त्याने लूक जातो.'

पहिल्या दोन प्रश्नांसाठी मी लिहायला बसलो नसतो. शेवटच्या वाक्यासाठी बसलोय.

तरी आधीचं उरकतो. एलईडी घ्या. काचेचा निऑन देखणा असतो, यात वाद नाही. जॉर्ज क्लोदने १९१० साली पॅरिसमध्ये तो लोकांना दाखवला तेव्हापासून त्याच्या तोडीचा उजेड दुसऱ्या कशातून आलेला नाही, असं माझंही मत आहे. पण नळीत नुसता निऑन वायू भरला की फक्त केशरी-लाल रंग मिळतो. निळा हवा तर आर्गॉन आणि पारा लागतो, बाकीचे रंग नळीच्या आतल्या लेपाचे. वर हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, तोही दारातल्या गर्दीच्या डोक्यावर. नळी फुटली तर ती पुन्हा वाकवून देणारा माणूस शोधत फिरायचं. दारावर ते लचांड नको. आत बारच्या मागच्या भिंतीवर, हात पोचणार नाही अशा उंचीवर हौस असेल तर जरूर करा.

आता कोपऱ्यातलं मराठी.

२०२३ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सप्टेंबरच्या शेवटी सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि इकडे तुर्भ्यात माझ्या बोर्ड बनवायच्या वर्कशॉपचा फोन थांबेना. त्यातच एक काम आलं. पाम बीच रोडवर सानपाड्याच्या बाजूला नवा क्लब, एकतीस डिसेंबरच्या आत उघडायचा. सव्वीस फूट रुंद दर्शनी भाग, काळी एसीपी (ॲल्युमिनियमची दुपदरी शीट), त्यावर गुलाबी नाव. नाव सांगत नाही. 'ऑ' ने सुरू होतं एवढंच सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्या 'ऑ' ची आहे.

मालक आपला माणूस. डिझायनरही आडनावाने आपलाच, पण त्याच्या ड्रॉइंगमध्ये मराठी नाव दाराच्या उजवीकडे, कुरिअरवाल्याला दिसेल इतपत. मी म्हटलं, हे चालणार नाही. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आहे. मराठी नाव देवनागरीत आधी, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. (दारू मिळते तिथल्या पाटीवर महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावंही चालत नाहीत. नाव अजून ठरायचं असेल तर हे आत्ताच वाचून ठेवा.) डिझायनर हसला. म्हणाला, ''दादा, देवनागरीने किराणा दुकान वाटतं. क्लब नाही वाटत.''

हे वाक्य मला का लागलं ते सांगतो. माझे बाबा ठाण्यात बोर्ड रंगवायचे. नौपाडा, गोखले रोड, स्टेशनचा बाजार. सुतळीला खडू लावून भिंतीवर रेघ मारायची, मग अक्षर. त्यातलं आज काहीही उरलेलं नाही, आधी फ्लेक्स आला आणि नंतर माझ्यासारखे आले. त्यांनी किराणा दुकानंही रंगवली आणि सराफांची दुकानंही. दोन्हीकडे अक्षर देवनागरीच होतं, तरी सराफाचं दुकान कधी किराण्याचं वाटलं नाही. ज्याला अक्षर काढता येत नाही तो लिपीला नावं ठेवतो. हे मी त्याला तेव्हा म्हणालो नाही, कारण चेक यायचा होता.

मी फक्त एवढंच म्हटलं की मला दोन दिवस द्या.

डिझायनर लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. रोमन नावात प्रत्येक अक्षर सुटं. त्यांच्या नावात सहा अक्षरं, म्हणजे पत्र्याचे सहा डबे, एसीपीत वायरीची सहा भोकं, सहा ठिकाणी पाणी शिरायची सोय. देवनागरीत सगळं नाव शिरोरेखेला टांगलेलं. ती रेघ मी आतून पोकळ केली आणि सगळ्या वायरी तिच्यातूनच नेल्या. भोक एकच. फ्रेमला पकडायलाही ती आयती पट्टी होते. तोटेही आहेत. अख्खं नाव टेम्पोत मावत नाही म्हणून शिरोरेखा मध्ये तोडून जागेवर जोडावी लागते, आणि तो जोड लपवणं हेच खरं काम. दुसरं म्हणजे लांब रेघेत बारा व्होल्टचा निऑन फ्लेक्स (निऑनसारखी दिसणारी एलईडीची लवचिक पट्टी) एकाच टोकाने जोडला तर दुसरं टोक फिकं पडतं. दोन्ही टोकांनी सप्लाय द्यायचा. तिसरं, उजेड पसरतो आणि लांबून 'घ' चा 'ध' होतो, 'भ' चा 'म'. म्हणून या अक्षरांची तोंडं कागदावर विचित्र वाटतील इतकी उघडी ठेवायची. कॉम्प्युटरवरचा तयार फॉन्ट जसाच्या तसा राउटरला, म्हणजे अक्षरं कापणाऱ्या मशीनला, दिला की जे होतं ते वाशी स्टेशनबाहेर उभं राहून बघा.

आता 'ऑ'. त्याच्या डोक्यावर चंद्र असतो. मी तो अक्षरापासून सोडवला, चांगला दोन फुटांचा केला, किंचित वर सरकवला आणि गुलाबी न ठेवता पिवळसर पांढरा केला. गुलाबी नावाच्या वर, काळ्या भिंतीवर चंद्रकोर. रोमन नावात असलं काही करायला जागाच नव्हती. मालकाने वर्कशॉपमध्ये दिवे बंद करून बघितलं आणि म्हणाला, ''हेच मोठं करा, इंग्रजी खाली जाऊ दे.'' डिझायनर फोनवर होता. बराच वेळ फोनवरच होता.

एकतीस डिसेंबरच्या रात्री लोक त्या चंद्राखाली उभे राहून फोटो काढत होते. पुढच्या आठवड्यात तोच फोटो डिझायनरच्या इन्स्टाग्रामवर आला, खाली फक्त त्याचं नाव.

आता माझी चूक. चंद्र सुटा केला म्हणजे त्याला वेगळं भोक आलंच. एका भोकाची फुशारकी मारणाऱ्या मी दुसरं भोक शेवटच्या रात्री अडीच वाजता पाडलं आणि ग्लँड (वायरीभोवती बसणारं, पाणी अडवणारं बूच) न लावता नुसतं सिलिकॉन फासून घरी गेलो. १३ मे २०२४ ला ते धुळीचं वादळ आलं, आठवत असेल. त्याच संध्याकाळी घाटकोपरला होर्डिंग पडून सतरा माणसं गेली. चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असताना एकशेवीस बाय एकशेवीस उभं केलेलं. टीव्हीवर ते चालू असताना क्लबच्या मालकाचा फोन वाजला आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, ''बोर्डचं झालं हो...'' माझ्या पोटात गोळा आला. पडलं काही नव्हतं. चंद्राच्या भोकातून पाणी आत जाऊन मागचा एसएमपीएस, म्हणजे दिव्यांना वीज देणारा डबा, उडाला होता आणि अर्धं नाव बंद. पण तो फोन उचलल्यापासून 'काही पडलं नाही' हे कळेपर्यंतचा वेळ मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी शिडी लावून सगळे फास्टनर स्वतः तपासले. पाच महिन्यांत खाडीच्या हवेने साध्या लोखंडी स्क्रूंवर तांबूस पापुद्रे आले होते. सगळे काढून स्टेनलेसचे लावले, ग्लँड लावली, सप्लाय खाली सावलीत हलवला. या कामाचे पैसे घेतले नाहीत. मूळ बिलातले अठरा हजार मात्र अजून यायचे आहेत, डिझायनरने अडवलेले. कारण काय, तर 'ॲप्रूव्ह्ड ड्रॉइंगप्रमाणे काम झालं नाही.'

खर्चाचं विचारलंत. फुटाचा भाव सांगणाऱ्यापासून लांब राहा, तो फ्रेममध्ये वाचवतो. माझं ते काम एसीपी, फ्रेम, दोन्ही नावं धरून दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास गेलं. तुमचं कमी होईल किंवा जास्त. रस्त्यावर अवलंबून आहे. पाम बीचला गाडी साठच्या वेगाने गेली तरी सेकंदाला पन्नासहून जास्त फूट जाते. आमच्या धंद्यात ढोबळ हिशोब असा की इंचभर उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. दीड फुटाचं अक्षर धरा, तर वाचायला तीन-साडेतीन सेकंद मिळाले. त्यात नाव बसतं, 'फूड, म्युझिक, मूड' बसत नाही. तुम्ही वाशीच्या आतल्या सेक्टरात असाल, जिथे लोक चालत येतात, तर एवढं मोठं लागणारच नाही.

उजेड कमी-जास्त करायला डिमर लावणार असाल तर स्वस्तातला नको. डोळ्याला कळत नाही, पण मोबाइलच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकतात आणि तुमचं गिऱ्हाईक रील काढायलाच येणार आहे.

हे राहिलंच: दर्शनी भाग सजवायच्या नादात पहिल्या मजल्याच्या उघडणाऱ्या खिडक्या एसीपीने बुजवू नका, डिझायनर कितीही म्हणाला तरी. एसीपीच्या साध्या शीटच्या पोटात प्लास्टिक असतं, आग न धरणारी वेगळी मिळते, तीच मागा. मुंबईत कमला मिलमधल्या पबना लागलेली २०१७ ची आग कुणी विसरलं नसेल. महापालिकेचा परवाना वेगळा काढावा लागतो, तो बोर्ड चढवायच्या आधी. मी वकील नाही, कायद्याचं जे लिहिलं ते माझ्या धंद्यापुरतं मला माहीत असलेलं आहे. आणि काचेचा निऑन मी स्वतःच्या हाताने कधी वाकवलेला नाही, त्यामुळे त्याबद्दलचं माझं मत थोडं एकतर्फी धरा.

डिझायनर सगळेच वाईट नसतात. दोन चांगले माझ्या ओळखीत आहेत.

तुमच्याला एवढंच सांगा की दोन्ही लिप्यांतलं नाव खऱ्या मापात कागदावर काढून भिंतीला चिकटव आणि समोरच्या फुटपाथवरून बघ. चिकटवायला तयार नसेल तर माणूस बदला. तुमच्या प्रश्नात बाकी सगळं मराठीत आहे, क्लबचं नाव तेवढं रोमनमध्ये टाकलंय. ते देवनागरीत लिहून टाका, मग कुठलं अक्षर कसं वळेल ते सांगतो.