कॉर्डोटॉमीनंतर एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर पांढरा डाग दिसतो, तो धोक्याचा आहे का?

बहुतेक वेळा नाही. तो डाग म्हणजे डॉक्टरांनी मुद्दाम केलेली जखमच. कॉर्डोटॉमीत कॅन्सरच्या असह्य, एकाच बाजूच्या वेदनेसाठी मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यामधून सुई घालून वेदना वाहणारे तंतू उष्णतेने जाळतात. हे तंतू मज्जारज्जूतच बाजू बदलतात, म्हणून दुखणं डावीकडे तर डाग उजवीकडे. नातेवाईक इथेच घाबरतात, आणि ते अगदी साहजिक आहे.

डाग मज्जारज्जूच्या पुढच्या-बाहेरच्या भागात असावा. सुरुवातीला सूज असल्याने तो मोठा दिसतो, पुढे आकसतो. हालचालीचे तंतू त्याच्या मागेच असतात. म्हणून हात-पाय नव्याने लुळे पडले, लघवी अडली किंवा झोपेत श्वास मंदावला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.