एकाच कार्डाचे रजिस्टर दोन प्रोग्रॅमनी मॅप केले, तर कॉन्टेक्स्ट स्विच कोण सांभाळतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोली एमआयडीसीत कास्टिंग तपासायच्या यंत्रावर लिनक्स आहे, त्यात सेन्सर वाचणारं एक पीसीआयई कार्ड आहे. मोजमापाचा आणि कॅलिब्रेशनचा असे दोन प्रोग्रॅम एमएमॅप करून (कार्ड आपल्याच मेमरीचा भाग असल्यासारखं जोडून घेऊन) त्याचे रजिस्टर, म्हणजे कार्डातल्या मूल्यं ठेवायच्या छोट्या जागा, थेट वापरतात. दोन्ही एकदम चालवले की पहिल्याने ३ नंबरचं चॅनेल निवडलेलं असतानाही त्याला ७ नंबरचं रीडिंग मिळतं. प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) बदलताना, म्हणजे कॉन्टेक्स्ट स्विचच्या वेळी, कर्नल (लिनक्सचा गाभा) रजिस्टर जपून ठेवतो ना, मग हे का?

कर्नल जपतो ते सीपीयूचे रजिस्टर, कार्डाचे नाहीत. प्रोसेस बदलली की पेज टेबलही बदलतं (प्रोग्रॅमचे पत्ते खऱ्या पत्त्यांशी जोडणारा तक्ता; एक्स८६ सीपीयूवर सीआर३ रजिस्टरमध्ये नवा पत्ता जातो), पण दोन्ही टेबलांतल्या नोंदी कार्डाच्या त्याच बीएआरवर (कार्डाचे रजिस्टर जिथे दिसतात त्या पत्त्यांच्या पट्ट्यावर) जातात. गुऱ्हाळावर काहील एकच असली की एकाचं आधण उतरल्याशिवाय दुसऱ्याचा रस ओतत नाहीत, आणि ते बघायला गुळव्या उभा असतो. तुमच्याकडे ते काम ड्रायव्हरने (कार्ड सांभाळणाऱ्या कर्नलमधल्या कोडने) करायचं आहे.

आधी एक सांगतो. दोन्ही प्रोग्रॅम तुमच्याच हातातले असतील तर कार्ड एकाच प्रोसेसकडे द्या आणि दुसऱ्याला शेअर्ड मेमरीतून रीडिंग द्या. माझ्या मते कारखान्यातल्या बहुतेक यंत्रांना तेवढं पुरतं. प्रोग्रॅम बदलता येत नसतील तरच पुढचं करा.

युक्ती अशी की एका वेळी एकाच प्रोसेसचं मॅपिंग जिवंत ठेवायचं. ड्रायव्हरच्या एमएमॅप फंक्शनमध्ये रीमॅप_पीएफएन_रेंज (सगळं मॅपिंग लगेच तयार करणारं फंक्शन) वापरायचंच नाही. मागितलेली लांबी आणि ऑफसेट बीएआरच्या आत बसतात का ते तपासा. व्हीएम_पीजीऑफ (तोच ऑफसेट) बाइटमध्ये नसतो, पानांत (मेमरीच्या ठरावीक मापाच्या तुकड्यांत) असतो, तिथे हमखास चूक होते. मॅप_प्रायव्हेट (लिहिलेलं स्वतःपुरतंच ठेवणारं मॅपिंग) मागितलं तर सरळ नकार द्या. पीजीप्रॉट_नॉनकॅश्ड लावा (म्हणजे कॅशमधलं जुनं मूल्य मिळत नाही), व्हीएम_आयओ, व्हीएम_पीएफएनमॅप, व्हीएम_डोन्टएक्सपांड हे फ्लॅग लावा आणि व्हीएम_डोन्टकॉपीही लावा, म्हणजे फोर्क झाल्यावर (प्रोसेसने स्वतःची प्रत काढल्यावर) पोराच्या गळ्यात हे मॅपिंग पडत नाही. (कर्नल ६.३ पासून फ्लॅग थेट लिहिता येत नाहीत, व्हीएम_फ्लॅग्ज_सेट वापरावं लागतं.) मग फक्त स्वतःचा फॉल्ट हँडलर जोडून परत या.

आता कुणीही रजिस्टरला हात लावला की पेज टेबलात नोंद नसल्यामुळे पेज फॉल्ट येतो आणि तुमचा हँडलर चालतो. त्यात म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घ्या. सध्याचा मालक दुसरा असेल तर आधी अनमॅप_मॅपिंग_रेंजने त्याची नोंद पुसा, मग आयओरीड३२ने कार्डाचे रजिस्टर वाचून जुन्या मालकाच्या स्ट्रक्टमध्ये ठेवा, नव्या मालकाची जपलेली मूल्यं कार्डात लिहा, व्हीएमएफ_इन्सर्ट_पीएफएनने त्याची नोंद घाला, मालक बदला, म्यूटेक्स सोडा. प्रत्येक ओपनसाठी वेगळा स्ट्रक्ट हवा. तो फाइलच्या प्रायव्हेट_डेटामध्ये ठेवा.

हा क्रम मोडू नका. आधी वाचून मग पुसलंत, तर मधल्या वेळात दुसऱ्या कोअरवर चालू असलेला जुना मालक कार्डात काहीतरी लिहून जातो आणि ते कायमचं हरवतं. अनमॅप_मॅपिंग_रेंज बाकीच्या कोअरचे टीएलबी (पेज टेबलातल्या नोंदींच्या जवळ ठेवलेल्या प्रती) साफ करूनच परततं, म्हणून त्यानंतरचं वाचन पक्कं असतं. ते झोपू शकतं, त्यामुळे इथे स्पिनलॉक (धरून झोपता येत नाही असं कुलूप) चालत नाही. मूल्यं लिहिताना 'सुरू करा' हा बिट सगळ्यात शेवटी लिहा आणि मग एक रजिस्टर वाचा: पीसीआयईवरची लिखाणं पोस्टेड असतात (सीपीयू पोच मिळायची वाट बघत नाही), ती कार्डापर्यंत पोचल्याची खात्री त्या वाचनाने होते.

अडकायची जागा एक आहे. फॉल्ट हँडलर चालतो तेव्हा त्या प्रोसेसचा एमएमॅप_लॉक (तिच्या मॅपिंगांचं कुलूप) आधीच घेतलेला असतो, मग तुमचा म्यूटेक्स. आयऑक्टलमध्ये (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला दिलेल्या हुकमात) तोच म्यूटेक्स धरून कॉपी_टू_युजर केलंत आणि युजरचं पान मेमरीत नसलं, तर लॉकचा क्रम उलटा होतो आणि कधीतरी सगळं ठप्प होतं. डेटा आधी लोकल चलात घ्या, म्यूटेक्स सोडा, मग कॉपी करा. लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारं कर्नलमधलं साधन) चालू ठेवलंत तर ही चूक प्रत्यक्ष अडकण्याआधीच कळते.

हे सगळं प्रत्येक कार्डाला लागू पडत नाही. वाचलं की शून्य होणारं स्टेटस रजिस्टर किंवा फिफो (डेटाची रांग) जपायला म्हणून वाचलंत तर डेटा तिथेच गेला. फक्त लिहिता येणारा रजिस्टर तर जपताच येत नाही, कारण युजर थेट लिहितो आणि ड्रायव्हरला ते दिसत नाही. डीएमए (कार्डाने स्वतःहून मेमरीत डेटा नेणं-आणणं) चालू असेल तर तो थांबवल्याशिवाय मालक बदलू नका. त्यामुळे कोड लिहिण्याआधी डेटाशीट घेऊन एकेक रजिस्टर या नजरेने तपासा. आणि बीएआर ४ केबीपेक्षा लहान असेल तर मॅपिंग पूर्ण पानाचंच होतं, शेजारी दुसऱ्या डिव्हाइसचे रजिस्टर असतील तर तेही उघडे पडतात.

दोन्ही प्रोग्रॅम सारखे कार्डाला हात लावत राहिले तर जवळजवळ प्रत्येक वापराला फॉल्ट येईल. मालकाला किमान २ मिलिसेकंद तरी द्या, तोवर दुसऱ्याला हँडलरमध्ये थांबवा. सोलॅरिस या युनिक्समध्ये याचसाठी डेव्हमॅप_सेट_सीटीएक्स_टाइमआउट होतं. लिनक्सवर हे स्वतः लिहावं लागतं. जास्त वेळ थांबवू नका, त्या प्रोसेसचे बाकीचे थ्रेडही एमएमॅप_लॉकपाशी अडकू शकतात.

तपासताना टास्कसेटने (प्रोग्रॅम ठरावीक कोअरवर बांधणाऱ्या आज्ञेने) दोन्ही प्रोग्रॅम आधी ० नंबरच्या कोअरवर चालवा, मग एक ० वर आणि एक १ वर. पुसण्या-वाचण्याचा क्रम चुकला असेल तर पहिल्या चाचणीत बहुधा सगळं ठीक दिसेल, चूक सहसा दुसऱ्या चाचणीतच बाहेर येते.