वार्षिक अहवाल मागच्या पानांपासून वाचायला घ्या

कंपन्यांचा कारभार समजून घ्यायला कायद्याच्या जाडजूड पुस्तकापासून सुरुवात करू नका. पुणेकर असाल तर आकुर्डीची बजाज ऑटो किंवा मुंढव्याची भारत फोर्ज, अशी जाता-येता दिसणारी एकच कंपनी धरा आणि तिच्या वेबसाइटवरून वार्षिक अहवाल उतरवून घ्या. अध्यक्षांचं पत्र, चकचकीत फोटो सोडून द्या. नवशिके तिथेच रमतात.

सध्या एवढंच बघा:

- ऑडिटरचा अहवाल. मत 'क्वालिफाइड' (म्हणजे आक्षेप नोंदवून दिलेलं) असेल तर कारण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार. म्हणजे मुख्यतः प्रवर्तकांच्या (प्रमोटर, कंपनी उभी करून तिच्यावर ताबा असलेल्यांच्या) घरच्या कंपन्यांशी देणंघेणं. ते असणं गैर नाही, पण कोणत्या अटींवर, हे विचारायचं. हैदराबादची आयटी कंपनी सत्यम आठवा. डिसेंबर २००८ मध्ये तिने आपल्या प्रवर्तकांच्या, म्हणजे राजू कुटुंबाच्या, मेटास कंपन्या विकत घ्यायचं ठरवलं. भागधारक खवळले, बेत बारगळला. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी ताळेबंदातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नसल्याचं कबूल केलं.
- प्रवर्तकांनी कर्जासाठी तारण ठेवलेले शेअर.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे संचालक मंडळावरची मोठी नावं बघून निर्धास्त होणं. सत्यमच्या मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते! (पुणेरी शंकेखोरपणा इथे कामाला येतो.)

सेबीचे (शेअर बाजाराच्या नियामकाचे) नियम, संचालक मंडळाच्या समित्यांची रचना वगैरे नंतर. आधी एक शेअर घ्या. तेवढ्यावरही वार्षिक सभेला हजर राहता येतं. पहिल्या वर्षी नुसतं ऐका, कोणत्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळतं ते टिपून ठेवा.